जनरलीणबाईंची तक्रार

एकतीस वर्षांच्या संसारात रिम्मा झाखारोव्ना कोल्चुगिना यांनी एकोणीस घरे मांडली आणि अठरा मोडली. एकोणिसावे मात्र देहात प्राण असेतो मोडायचे नाही, असा त्यांचा दृढ संकल्प होता.

विवाहसमयी त्यांचे पती ग्लेब मिरोनोविच हे सैन्याच्या पूल बांधणाऱ्या दलात साधे लेफ्टनंट होते. पदोन्नतीच्या प्रत्येक पायरीवर त्यांनी पत्नीला देशाच्या नव्या टोकाला नेऊन ठेवले. कॅप्टन झाले ते अमूर नदीच्या काठी, मेजर झाले ते उत्तर समुद्राच्या बर्फात, कर्नल झाले ते तुर्कमेनियाच्या वाळूत. रिम्माबाईंनी काकडीचे वेल लावावेत, वेलांना पिवळी फुले यावीत आणि फुलांच्या पाठोपाठ बदलीचा हुकूम यावा, हा क्रम ग्रहगतीइतका अचूक होता. अखेर पती जनरल झाले, आणि तीनच वर्षांत सरकारने त्यांची सबंध डिव्हिजन बरखास्त केली. इतर अधिकाऱ्यांच्या बायकांनी त्या दिवशी अश्रू ढाळले. रिम्माबाईंनी मधाचा आठ थरांचा केक केला आणि त्यातले तीन थर उभ्यानेच संपवले.

वेर्ख्निये लिप्की गावी त्यांनी लहानसे लाकडी घर घेतले, अंगणात सफरचंदाची चार रोपे लावली आणि गावाने त्यांचे ‘जनरलीणबाई’ असे नामकरण केले. रोपांना चौथा वसंत लागला, त्यांतल्या तीन रोपांवर प्रथमच कळ्या धरल्या, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माजी सैनिकांच्या मंडळाचे चार वृद्ध, छातीवर पदके मिरवीत, स्वयंपाकघरात येऊन बसले. प्रांताच्या विधिमंडळाची निवडणूक होती. उमेदवार हवा होता.

“ग्लेब मिरोनोविच, देश हाक मारतोय!” त्यांतला एक म्हणाला आणि त्याने पाचवी खारवलेली काकडी उचलली.

निवृत्त जनरल इतके कंटाळले होते की शेजारच्या कोंबड्यांनाही रांगेत उभे करीत. त्यांचे डोळे लकाकले. “मी हजर आहे!”

“आणि राहायची काळजी नको. निवडून आलात की प्रांताच्या शहरात फ्लॅट. नववा मजला, लिफ्ट आहे.”

रिम्माबाईंच्या हातातली किटली क्षणभर हवेतच थांबली. नवव्या मजल्यावर सफरचंदाचे झाड कसे लावतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी पाहुण्यांना चहा ओतला. एकतीस वर्षांत त्या काही बोलल्याच नव्हत्या. परंतु त्या रात्री उशीवर डोके ठेवताच त्यांच्या मनात एक अत्यंत साधा विचार उदित झाला: ग्लेब हरला पाहिजे.

उपायही सुचला. शहरातल्या एका पत्रकाराने जनरलांना मधाळ, लांबलचक भाषण लिहून दिले होते. सकाळी रिम्माबाईंनी ते निगुतीने घडी घालून चुलीत सारले.

“असलं गोड गोड तुला शोभत नाही, ग्लेब. लोकांशी रेजिमेंटमध्ये बोलायचास तसं बोल. उभं कर रांगेत. तपासणी कर.”

“लोक चिडणार नाहीत?”

“छे! लोकांना शिस्त आवडते,” रिम्माबाई म्हणाल्या आणि चिडलेल्या लोकांचे मनोहर चित्र डोळ्यांपुढे आणून गालात हसल्या.

पहिली सभा सुखाया बाल्का गावात होती. जनरलांचा जुना ड्रायव्हर, निवृत्त हवालदार प्रोखर द्योमिन, गाडी चालवत होता. रिम्माबाई मागच्या आसनावर जणू नाटकाला बसल्या होत्या. गावच्या क्लबापुढे शे-दीडशे माणसे सूर्यफुलाच्या बिया सोलीत उभी होती.

“दोन ओळींत, उभे राहा!” जनरल गर्जले.

आश्चर्य असे की लोक उभे राहिले. या देशात असा स्वर ऐकून पाय आपोआप जुळतात.

“तपासणीचा नियम ऐका. ज्यांच्याविरुद्ध तक्रार असू शकते ते सगळे वरिष्ठ तीस पावलं दूर जातील. शेतीसंघाचे अध्यक्ष कोण?”

“मी, येफिम पांक्रातोविच,” एक गुबगुबीत गृहस्थ पुढे झाले. “पण मी तर स्वागताला...”

“गोठ्याच्या मागे! पाठ इकडे! चल!”

अध्यक्ष गेले. वीस वर्षांत त्यांना गावासमोरून कोणी हाकलले नव्हते. ओळींतून आनंदाची एक लहर सरसरत गेली.

“आता, ज्यांची तक्रार असेल त्यांनी दोन पावलं पुढे!”

सैन्यात हा प्रश्न जनरलांनी हजारो वेळा विचारला होता आणि हजारो वेळा एकही जवान जागचा हलला नव्हता. तसा तो हलत नसतोच. इथे मात्र जमीन सरकावी तशी दोन्ही ओळी, दीडशेच्या दीडशे, दोन पावले पुढे आल्या. ग्लेब मिरोनोविच दचकून तितकेच मागे सरले.

“अरे बाळा, मीही आलेच,” काठी टेकीत लुकेर्या आजी म्हणाल्या, “माझी दोन पावलं म्हणजे तुझं अर्धं, तेवढं सांभाळून घे. तीन वर्षं छप्पर गळतंय. येफिमला सांगितलं, तर म्हणतो, बादली ठेव!”

“त्याचा बोकड माझा कोबी खातो!” दुसरी ओरडली.

“माझी बायको माझं ऐकत नाही,” निकानोर म्हातारा म्हणाला.

“ह्याला ऐकण्यासारखं बोलायला सांगा आधी!” त्याची बायको आणखी दोन पावले पुढे आली.

सैन्याचा नियम असा की तपासनिसाने छावणी सोडण्यापूर्वी, सूर्य मावळायच्या आत, तक्रार निवारली पाहिजे. नियम जनरलांच्या हाडीमांसी खिळला होता. त्यांनी वहीत नोंदी केल्या, कोट उतरवला, आणि प्रांताच्या विधिमंडळाचा उमेदवार तोंडात खिळे धरून लुकेर्या आजींच्या छपरावर चढला. प्रोखरने बोकड बांधला. सूर्यास्ताला गाव गाडीमागे गात गात धावत होते.

“निवडून येणार साहेब!” प्रोखर हर्षभराने म्हणाला. “काय रिम्मा झाखारोव्ना?”

“पुढे बघून गाडी चालव,” रिम्माबाई म्हणाल्या.

त्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुढच्या सभा पहाटे सहाला घ्यायला त्यांनी सुचवले. झोपमोड झाली म्हणजे लोक शिव्या घालतील. परंतु गवळणी चारलाच उठलेल्या. “आमच्या वेळेला येणारा हा पहिलाच पुढारी!” त्यांनी जनरलांच्या गळ्यात पडून दोन्ही गालांचे मुके घेतले. प्रतिस्पर्धी उमेदवार बिअरच्या कारखान्याचा मालक होता आणि गावोगाव फुकट पिंपे पाठवीत होता. लोक बिअर पीत, आणि बिअर पातळ आहे अशी तक्रार घेऊन जनरलांच्या ओळीत उभे राहत. तीन आठवड्यांत ग्लेब मिरोनोविचांनी अकरा छपरे, दोन रहाट आणि एक साकव दुरुस्त केला. ते दहा वर्षांनी तरुण दिसू लागले, आंघोळीच्या वेळी गाऊ लागले, आणि रिम्माबाईंना त्यांचा इतका राग येई आणि ते इतके आवडत की कोणती भावना आधी आली हे कळेना.

अखेरची सभा शुक्रवारी, त्यांच्याच वेर्ख्निये लिप्कीत झाली. लुकेर्या आजी खास ट्रॅक्टरवर बसून आल्या होत्या. मंडळाचे वृद्ध हलक्या आवाजात सांगत होते की नवव्या मजल्याच्या भिंतींना रंग लागला आहे.

“आणखी कोणाची तक्रार?” जनरलांनी वही मिटता मिटता विचारले.

रिम्माबाई दोन पावले पुढे आल्या.

त्यांनाही ते पाऊल उचलल्यानंतरच कळले. चौकातली कोंबडीही थबकली.

“रिम्मा, घरी बोलू,” जनरल कुजबुजले.

“घरी नियम चालत नाही. इथे चालतो. माझी तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे त्या वरिष्ठांना आधी तीस पावलं पाठव.”

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग लुकेर्या आजींनी काठी आपटली. “बरोबर आहे! जा रे बाळा! येफिम गेला, तूही जा!”

ग्लेब मिरोनोविच यांनी सभोवार पाहिले. नियम त्यांचाच होता. त्यांनी टाचा जुळवल्या, स्वतःलाच हुकूम दिला, मोजून तीस पावले चालत गेले आणि पाणपंपाकडे तोंड करून ताठ उभे राहिले. बायका हसता हसता एकमेकींवर कोसळल्या. प्रोखरने वही उघडली, आणि रिम्माबाई बोलू लागल्या. अमूर, बर्फ, वाळू, अठरा दारे, वेलांवर सोडून आलेल्या काकड्या. ज्या स्त्रीचा आवाज गावाने धड ऐकला नव्हता ती पाऊण तास बोलली. लोक हसले, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसले. “आणि आता नववा मजला!” त्या म्हणाल्या. “मी येणार नाही. मी ह्याला पाडायला निघाले होते, बायांनो, आणि तुम्ही ह्याला डोक्यावर घेतलंत!”

प्रोखरने पंपाजवळ जाऊन तक्रार वाचून दाखवली. जनरल परतले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“एकतीस वर्षं बोलली का नाहीस?”

“तू रेजिमेंटला विचारायचास. मी रेजिमेंटमध्ये नव्हते.”

त्यांनी सूर्याकडे पाहिले. तो मावळायला टेकला होता. मग पेन मागून घेऊन उभ्याउभ्याच लिहिले: तक्रार रास्त. फ्लॅट नाकारला. विधिमंडळाच्या बैठकीच्या दिवशी पहाटेच्या गाडीने जाईन, रात्रीच्या गाडीने येईन. मंडळाच्या वृद्धांनी चुळबूळ केली. पण आपला प्रतिनिधी शहरात नव्हे तर हाकेच्या अंतरावर राहणार हे कळताच गावाने टोप्या आकाशात उडवल्या. रिम्माबाईंनी मजकूर दोनदा वाचला, ‘येताना पाव आणीन’ असे एक वाक्य वाढवून घेतले आणि मगच खाली सही केली.

रविवारी शाळेत मतदान झाले. अकॉर्डियन वाजत होते, बायका कोबीच्या कचोऱ्या विकत होत्या. रिम्माबाई मतदानाच्या पडद्याआड गेल्या आणि इतका वेळ बाहेर आल्या नाहीत की जनरल अस्वस्थ होऊन येरझारा घालू लागले.

“कोणाला दिलंस?” त्या बाहेर येताच त्यांनी विचारले.

“मतदान गुप्त असतं, जनरलसाहेब,” त्या म्हणाल्या आणि कचोऱ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

ग्लेब मिरोनोविच प्रचंड मतांनी निवडून आले. सगळ्या वेर्ख्निये लिप्कीत विरोधात एकच मत पडले. पहाटेच्या गाडीत खिडकीशी बसून ते आजही त्या एका मताचा विचार करतात.