माझा हात सुटला होता

आधी माफी मागतो. या पानावर अनुभवी माणसं लिहितात आणि मी अजून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेच्या पेपरांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे चुकलं तर सांभाळून घ्या... खरं तर लिहायचं धाडसच होत नव्हतं. पण ज्या कामाबद्दल गावाने माझा सत्कार केला, ते काम मी केलेलंच नाही. हे कुठेतरी एकदा खरं खरं लिहून ठेवायला हवं.

दुसरं म्हणजे, मी असल्या गोष्टी मानत नाही. नाशिकला हॉस्टेलवर मुलं चकव्याच्या गोष्टी सांगायला लागली की "लाइट बंद करा रे" म्हणून मी पांघरूण ओढून घेतो. मेकॅनिकलला आहे मी. वस्तू लटकत असेल तर तिला वर धरणारं काहीतरी असतंच, एवढं पहिल्याच वर्षी शिकलो. आजही माझा त्यावर विश्वास आहे. माझी अडचण तिथेच आहे.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. नाव लिहीत नाही. वैशाखात ग्रामदैवताची जत्रा असते, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्या. शाळेच्या मैदानात पाळणे लागतात — एक लोखंडी आकाशपाळणा, एक छोटी आगगाडी, उड्या मारायची जाळी. आकाशपाळणा काही शहरातल्यासारखा अवाढव्य नाही. पण वर गेलं की शाळेची कौलं खाली दिसतात, एवढा उंच नक्की.

मी जत्रेसाठी घरी आलो होतो. सकाळी आईबरोबर बागेत काड्या बांधायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : छाटणीनंतर द्राक्षाला नवीन काड्या फुटतात, त्या सुतळीने तारेला बांधायच्या. पण गाठ सैल ठेवायची. काडी पुढे जाड होते. घट्ट बांधली तर सुतळी रुतून काडी मरते. लहानपणी मी गाठ आवळली की आई हातावर चापट मारायची. "फाशी देतो का रं तिला?" म्हणायची. त्यामुळे ती सैल गाठ माझ्या बोटांत इतकी बसली आहे की न बघता मारली जाते.

दुपारी पालखी झाली. पाचच्या सुमारास मी एकटाच पाळण्याजवळ गेलो. पाळणेवाल्या चाचांचा एक नियम होता — एकट्या माणसाला बसवायचं नाही. पाळणा एका बाजूला कलतो, म्हणून बाकाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी लागतं. ते नुसत्या नजरेने माणसं जोखायचे आणि जोड्या लावायचे. माझ्याशेजारी बसायला कोणी नव्हतं.

रांगेच्या कडेला एक बाई उभी होती, कडेवर तान्हं बाळ आणि बोटाला पाच-सहा वर्षांची मुलगी. पेठ-सुरगाण्याकडून बागांच्या कामाला आलेल्या टोळीतली असावी. मुलगी पाळण्याकडे बघत होती. नुसती बघत होती, हट्ट वगैरे काही नाही.

"बसू दे ना ताई तिला," चाचा म्हणाले. "हा पोरगा सोबत आहे."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "दादा, धरशील ना तिला?"

"धरतो की," मी म्हणालो.

आम्ही बसलो. मांडीवरून आडवी येणारी दांडी चाचांनी लावली, तर तिच्या कडीतली खीळ नव्हती. तिथे तारेचा तुकडा पिळून लावलेला होता आणि तोही तुटलेला.

"ठहरो, तार लेके आता हूँ."

मागे रांग ओरडत होती, "ओ चाचा, आज फिरवता का उद्या?" माझ्या खिशात सकाळची सुतळी होती. मी म्हणालो, "थांबा चाचा, मी बांधतो." कडीतून दोन वेढे घेतले आणि गाठ मारली. चाचांनी दांडी हलवून पाहिली.

"पक्का?"

"एकदम पक्का. आमचं रोजचंच काम आहे."

ती गाठ बागेतली होती... सैल. माझ्या बोटांनी त्यांना माहीत असलेली गाठ मारली आणि माझं लक्षही गेलं नाही. ज्याला खिळीचं काम कागदावर आकृती काढून सांगता येतं, त्याने हे केलं. मी चाचांना तार आणू द्यायला हवी होती. किंवा उतरायला हवं होतं.

दोन फेऱ्या छान झाल्या. मुलगी हसत नव्हती, पण प्रत्येक वेळी वर गेलो की माझ्या शर्टाची बाही धरायची आणि खाली आलो की सोडायची. तिसऱ्या फेरीत आम्ही अगदी वर असताना इंजिनचा पट्टा घसरल्यासारखा झटका बसला. पाळणा जोरात पुढे झुलला. त्याच वेळी ती आईला बघायला उभी राहिली होती. दांडीवर तिचा भार आला, सुतळी सरकली आणि दांडी दारासारखी उघडली.

मी तिचं मनगट पकडलं, उजव्या हाताने. डाव्या हातात बाजूचा गज होता. ती पुढच्या कडेवरून खाली लटकली. पाळणा मागे झुलला आणि मीही सरकलो, पाय खाली लोंबकळत, कमरेपर्यंत बाहेर.

यापुढचं लिहायला सहा महिने लागले आहेत.

माझा हात सुटला. घाम होता म्हणून निसटला, असं म्हणता आलं असतं. पण तसं नाही. घाबरून माझे दोन्ही हात गजाला गेले. मी ठरवलं नव्हतं, पण हात माझेच होते. मी डोळे मिटले आणि खालून आवाज येण्याची वाट बघत राहिलो.

आवाज आला नाही.

डोळे उघडले तेव्हा ती तिथेच होती. माझ्या पायांच्या खाली, अधांतरी. एक हात सरळ वर ताणलेला. दुसरा हात वाकवून त्याच्याजवळ आणलेला आणि बोटं वळलेली, जणू कशाला तरी गच्च धरलं आहे. त्या बोटांत काही नव्हतं. मी नीट पाहिलं. माझे दोन्ही हात गजावर होते, मला माझी दहाही बोटं दिसत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि रडत नव्हती.

खाली आरडाओरडा झाला. चाचांनी इंजिन बंद केलं आणि दहा-बारा माणसांनी चाक हाताने, इंच इंच खाली ओढलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. त्या सगळ्या वेळात मी हात पुढे करू शकलो असतो... केला नाही. हललो तर ते जे काही आहे ते सुटेल, अशी भीती वाटत होती. खाली एका पैलवानाने तिला कवेत घेतलं, तेव्हा तिचा ताणलेला हात एकदम खाली पडला आणि ती पहिल्यांदा किंचाळली.

तिचा खांदा निखळला होता. जीपमधून तालुक्याला नेताना मी बरोबर होतो. डॉक्टरांनी मनगट उलटून दाखवलं. चार बोटांचे वळ उठले होते.

"तू धरलं होतंस?"

मी माझा उजवा हात खिशात घातला.

"चांगलं धरलंस. सगळं वजन या एका हातावर आलंय. पण हाताला पुढे मुंग्या येतात का, बोटं हलतात का, बघावं लागेल." त्यांनी तिला नाशिकला पाठवलं. गाडीत जागा नव्हती, मी मागे राहिलो. नावही विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या आखाड्यात माझा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. सरपंच माइकवर म्हणाले, "जीव गेला तरी हात सोडला नाही या पोराने!" टाळ्या झाल्या. मी तिथेच माइक मागायला हवा होता. नाही मागितला. सकाळी मात्र मी चाचांबरोबर तो पाळणा हात लावून तपासला होता. कुठे खिळा, हूक, तुटकी पट्टी, फ्रॉक अडकेल असं काहीतरी सापडेल म्हणून. सगळं गुळगुळीत होतं. चाचा पाळणे उतरवायला लागले होते. म्हणाले, "बेटा, तू पकडा, खुदा ने पकडा, मेरे को मत पूछ. मैं तो अब खीला देखे बगैर किसी को नहीं बिठाऊँगा." एकाने लांबून व्हिडिओ काढला होता, पण त्यात ऊन आणि सावल्या सोडून काही कळत नाही.

घरी आल्यावर फेटा काढला आणि आईला सगळं सांगितलं. गाठीचंही. मला वाटलं, आई रागावेल. किंवा देवीने वाचवलं म्हणून नारळ फोडायला लावेल. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"गाठ माझीच हाय ती," ती म्हणाली. "मीच शिकवली."

"आई, तसं नको ना बोलू."

"मग तूबी नको एकटा घेऊ अंगावर." तिने पिठाच्या हाताने माझा हात उलटासुलटा करून बघितला, लहानपणी काटा बघायची तसा. "कोणी धरलं ते मला नाय ठावं. पण पोरगी जिती हाय. तिचा हात नीट झाला का ते बघ आधी, आन तिच्या आईला गाठीचं सांग. लोकांनी फेटा बांधला म्हणून गप नको बसू."

पण ती माणसं सापडेनात. टोळीच्या मुकादमाने सांगितलं, मुलीचा बाप सगळ्यांना घेऊन दवाखान्यातून परस्पर गावी गेला, पाऊस तोंडावर आलाय, शेती लावायची. गाव कुठलं? "तिकडं डोंगरात कुठं तरी. फोन लागत नाय त्यांचा." नाशिकच्या दवाखान्यात गेलो, तर नाव सांगा म्हणाले. नाव कुठे होतं माझ्याकडे?

हॉस्टेलवर बातमी आधीच पोचलेली. "या, हिरो! जरा आमची बादली धरता का? सोडू नका हां!" मी हसायचो. रात्री मात्र एकच यायचं डोळ्यांसमोर — ती बोटं हलत असतील का? लिहायचा हात होता तो.

शेवटी सुरगाण्याकडच्या यशवंतला सांगितलं. माझ्याच वर्गात आहे, शेवटच्या बाकावरचा. तो हसला नाही. "बाजाराच्या दिवशी विचारत राहू," एवढंच म्हणाला, आणि घरी गेला की दर आठवडी बाजारात विचारत राहिला. पाळण्यावरून पडलेली, खांदा निखळलेली मुलगी, बाप द्राक्षाच्या कामाला जातो.

या काळात मी खूप विचार केला. भीतीने माणसाला खोटं आठवतं, हे वाचलंय. कदाचित माझा हात सुटलाच नसेल आणि डोकं मला उलटं दाखवत असेल. असं मानलं तर सगळं सोपं होतं, आणि मी हिरोही ठरतो. पण मला तो गज अजून दोन्ही तळव्यांत जाणवतो. कोणाकडे याचं उत्तर असेल तर कळवा, मी नीट वाचेन.

मागच्या रविवारी यशवंतचा फोन आला. "बोल. तिची आई आहे." मागे बाजाराचा गलका होता.

"ताई, मी... पाळण्यातला."

"हा दादा. वळखला."

मी सगळं एका दमात सांगितलं. खीळ नव्हती, गाठ मी मारली, ती सैल होती, म्हणून दांडी उघडली. हात सुटल्याचंही सांगायचं होतं, पण तेवढं मी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तू बोलला ते बरं केला. मला वाटं, पोरीनंच उघडली का काय. तिला लय बोलली मी त्याच्यावरून."

"ताई, तिचा हात?"

"हात बसला. वनिता नाव तिचा. पाणी आणते, झाडावं चढते, पाटीवर लिवते. बोटं समदी हलतात." ती हसली. "इथंच हाय ती. फोनवं बोलायला लाजते. तुला इचार म्हणते काय तरी."

पलीकडे कुजबुज झाली.

"ती म्हणते, वर भ्यायली तवा तिनं दुसऱ्या हातानं तुझ्या हातात नखं रुतवली. लय जोरात. रगात आला होता म्हणते. तरी दादानं सोडला नाय. तो हात बरा झाला का, इचारते."

मी फोन कानाशी धरून उजव्या हाताकडे पाहिलं. त्या दिवशी माझ्या हाताला साधं खरचटलंही नव्हतं.

"झाला म्हणावं," मी म्हणालो. "पूर्ण बरा झाला."