आवळलेला नळ

हैदराबादच्या विद्यानगरातल्या आमच्या घरमालकांइतका स्वतःच्या सुखाचा वैरी मी जन्मात पाहिला नाही. चार फ्लॅट, चार भाडेकरू आणि सत्तरी ओलांडलेला एकटा जीव. दुसरा कुणी असता तर भाडं घेऊन खुशाल लोळला असता. आमचे काका मात्र पहाटे मोटर लावायचे, टाकी भरली का ते बघायला गच्चीवर चढायचे आणि उतरताना प्रत्येक दार वाजवून विचारायचे, "पाणी येतंय ना जी?" टॉवेल गुंडाळून, साबणाच्या तोंडाने "येतंय" म्हणायची आम्हाला सवयच झाली होती.

भाडेकरू निवडताना ते नोकरी, पगार असलं काही विचारत नसत. "हात धुऊन घ्या" म्हणत आणि शेजारी उभे राहत. नळ करकचून आवळणारा माणूस वायसर खातो आणि पुढे भांडतोही, असा त्यांचा सिद्धांत होता. बँकेतल्या एका बड्या साहेबांना त्यांनी तेवढ्यावरून वाटेला लावलं. मी पास झालो, कारण त्या दिवशी माझं मनगट मुरगळलं होतं.

दुरुस्त्याही स्वतःच करत. सुलतान बाजारातून आणलेले वायसर, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि एक पाना, एवढ्यावर अर्ध्या तासाचं काम तीन दिवस चाले. त्यामुळे नळ गळू लागला की आम्ही गुपचूप बादली लावत असू.

मग काकांच्या अमेरिकेतल्या मुलाने सगळा कारभार एका कंपनीकडे सोपवला. मोटर आपोआप चालू लागली. मोबाइलवर तक्रार केली की दोन तासांत गणवेशातला प्लंबर हजर. आम्ही फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. काका मात्र सकाळी पायरीवर नुसते बसून राहत. पंधरा दिवसांत माणूस खचला, आणि मला फार वाईट वाटू लागलं.

एका रविवारी मी स्वयंपाकघरातला नळ दोन्ही हातांनी, जीव खाऊन आवळला. वायसर गेला. मोबाइलला हात न लावता खाली गेलो आणि काकांना नळ गळतोय म्हणून सांगितलं.

त्यांनी नळ खोलला, चिरडलेला वायसर तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आणि नवा बसवला. आयुष्यात प्रथमच त्यांचं काम तासाभरात आटोपलं.

दारात थांबून म्हणाले, "पुढच्या इतवारी बाथरूमचा आवळा जी. मी घरीच असतो."

मी हो म्हणालो. जिना उतरताना त्यांनी शेजाऱ्यांचं दार वाजवलं, पाणी येतंय का ते विचारलं, आणि ते ऐकून मला उगाचच भरून आलं.