दानातली मांजर

आमच्या घरातल्या माणसांना मांजर मेलेली चालत होती, गोणी वाया गेलेली चालत नव्हती. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मांजर माझी होती. आई गेली तेव्हा धुळ्याचं घर भावांनी आवरलं, भांडी वाटून घेतली, गोधड्यासुद्धा वाटून घेतल्या, आणि मांजर कोणाच्याच वाट्याला आली नाही. मी तिला टोपलीत घातलं, वरून आईचं जुनं लुगडं बांधलं आणि एसटीने जळगावला आणलं. पारोळ्यापर्यंत ती ओरडत होती. कंडक्टरने विचारलं, "बाई, टोपलीत काय? कोंबडी असेल तर तिकीट पडेल." मला परक्या माणसाशी बोलायची लाज वाटायची, मी खाली बघत राहिले. मांजरीनेच उत्तर दिलं. सगळी गाडी हसली आणि तिकीट काही पडलं नाही.

दिसायला तपकिरी, पोट पांढरं. डाव्या कानाचा वरचा तुकडा नव्हता, लहानपणी कुत्र्याने तोडला होता. शेपूट अर्धीच, दारात सापडून गेलेली. नव्या माणसाला पहिल्यांदा या दोनच गोष्टी दिसायच्या. म्हणजे ज्याला बघायचं असेल त्याला.

सासरी पुढच्या खोलीत थोरल्या दिरांचं किराणा दुकान होतं. त्यांना सगळे नाना म्हणत. मांजर आली आणि दुकानातले उंदीर गेले. नाना गिऱ्हाइकाला सांगायचे, "आपल्याकडे माल स्वच्छ. एक उंदीर दाखवा." जसे काही त्यांनी स्वतः दातांनी पकडले होते. अशी पुष्कळ वर्षं गेली. मग तिचे दात पडले. मी भाकर दुधात कुस्करून द्यायला लागले, तर सासूबाई दुधाच्या भांड्याकडे असं बघायच्या की मला ते पातेलं पदराखाली घ्यावंसं वाटे.

चैत्रात गच्चीवर बाजा टाकून आम्ही बिबडे वाळत घालायचो. ज्वारीचे मोठे पापड, पहाटेपासून राबून केलेले. त्या वर्षी म्हातारी मांजर ऊन बघून त्यांच्यावरच जाऊन झोपली. सासूबाई वर गेल्या आणि त्यांचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत आला.

"बठ्ठा बिबडास्वर केस शेतस! आते हाई मांजर कसाले पोसानी? उंदीर ते तिना नाकवर नाचतस!"

मी केस वेचले. एकेक वेचून पदराच्या गाठीत बांधले. फेकावेसे वाटले नाहीत, का ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भावाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून मी धुळ्याला गेले. परत आले तेव्हा मांजर नव्हती.

"म्हातारं जनावर घरमा मरत नही," सासूबाई म्हणाल्या. "निंघी गयं व्हई कुठे तरी." आणि निवडत असलेल्या डाळीतून मान वर केली नाही. डाळ तर मी जायच्या आदल्याच दिवशी निवडून झाली होती, ती मीच डब्यात भरून गेले होते.

मी तिला शोधलं. डाळमिलच्या मागे, कोळशाच्या वखारीत, पार मेहरूणच्या तळ्यापर्यंत. हाक मारायची तीही हळू, कोणी ऐकेल म्हणून. एक शेजारीण हसून म्हणाली, "अहो, अशा हाकेला मांजर काय, नवरासुद्धा यायचा नाही." मी घरी आले. आमचे हे कचेरीत कारकून होते. वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "जाऊ दे ना. मांजरच होती." मला वाटतं त्यांना दिलासाच द्यायचा होता. वर्तमानपत्राच्या मागून माणूस तेवढाच देऊ शकतो.

मग एका सकाळी गाडीवान दारात उभा राहिला. तो बैलगाडीवर नानांचा माल फैजपूरकडच्या खेड्यांत पोचवायचा. हातात रिकामी गोणी, नीट घडी केलेली. मी ओटा सारवत होते.

"नाना शेत का घरमा?" त्याने विचारलं. "गोनी लई वनू. नानांनी सांगेल व्हतं, गोनी परत लई ये."

नाना आतून आले, गोणी उलगडून उजेडात धरली, भोक पडलंय का बघितलं आणि विचारलं, "सोडली ना नदीपलीकडे?"

"सोडाले कोठे भेटनी, नाना? तोंड घट्ट बांधेल व्हतं. ऊन बी तसंच. मी तापीना पूल वलांडीसन गोनी सोडी, तवय ती मरेल व्हती." तो माझ्याकडे बघत नव्हता, पण आवाज खाली आला. "केळीना बांधवर पुरी दिन्ही मी. वर मीठ टाकं. पन सांगी ठेवस नाना, हाई पाप मना डोकावर नको."

नाना म्हणाले, "हळू बोल."

मारायला नको होतं म्हणून नव्हे. गल्ली ऐकेल म्हणून.

गल्लीने ऐकलंच. दुपारपर्यंत चार बायका पापडाचं पीठ मागायला आल्या, ज्यांना पापड करायचे नव्हते. एकीने गालाला हात लावून सांगितलं की मांजर मारली की सात पिढ्यांना लागते. दुसरीच्या माहेरी कोणाचा तरी हात लुळा पडला होता. सासूबाईंनी त्याच रात्रीपासून उजवा हात दुखतो म्हणायला सुरुवात केली. गोणीचं तोंड त्याच हाताने बांधलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या दुखण्याने कळलं, कोणी सांगितलं नाही.

ती गोणी नानांनी पुन्हा दुकानात नेली. नेण्याआधी मी ती झटकायला मागून घेतली. आतल्या तागाच्या दोऱ्यांना तपकिरी केस अडकले होते, आणि एक मिशी.

गुरुजींना बोलावलं. चहा झाला, दुसरा चहा झाला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते.

"मार्जारहत्या," गुरुजी म्हणाले. "सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते."

मग नाना म्हणाले, "हत्या कशी म्हणायची, गुरुजी? आपण सोडायला पाठवली. ती आपली आपण मेली."

"गोणीत."

"गोणीत, पण आपली आपण."

"आणि सोन्याची म्हणजे, पूर्ण सोन्याची?" नानांनीच विचारलं.

गुरुजींनी बशी खाली ठेवली. शास्त्रात सोय होती. शास्त्रात सोय नेहमी असते, फक्त दोन चहा व्हावे लागतात. मांजर कापडाची केली आणि पोटात सोन्याचा एक मणी घातला तरी भागेल. अंगात सोनं म्हणजे अंग सोन्याचंच. "मात्र एक अट," गुरुजी बोट वर करून म्हणाले. "मांजर तीच हवी. जी गेली तिचीच प्रतिमा. वर्ण, डोळे, कान, शेपूट, सगळं तिचं. दुसरी कुठली दिलीत तर दान तिच्या नावे पोचत नाही, पाप जागच्या जागी राहतं."

नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "घरात सांगा, कापडाची मांजर करायची आहे." माझ्याशी ते सरळ बोलत नसत, मीही त्यांच्याशी बोलत नसे. तशी रीतच होती. आम्ही दोघं त्या दाराशी बोलायचो, दाराला आमच्याबद्दल पुष्कळ माहिती झाली होती.

गल्लीत चिंध्यांच्या बाहुल्या मी करायचे. भाद्रपदात पोरी घरोघर गुलाबाई बसवायच्या, तेव्हा त्यांना बाहुल्या, पाळणे, एवढाले हत्ती शिवून द्यायचे. म्हणून हे काम माझं.

"आणि मणी?" मी दाराला विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "मांजर कोननी? तुनी. तुना माहेरनी. मंग मनी कोन देई?"

माझ्या गळ्यातल्या पोतीत आईच्या पोतीतला एक मणी होता. मी तो काढून दिला. वाद घातला असता तर त्यांना वाटलं असतं की मला मण्याचं दुःख आहे.

मी शिवायला बसले. आईचं ते टोपलीवरचं लुगडं काढलं, तपकिरी काठाचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. कापड हातात घेतलं आणि हात थांबला. त्यांना तीच हवी होती. तीच करून दिली की त्यांचं पाप धुऊन निघणार, सासूबाईंचा हात बरा होणार, नाना पुन्हा गिऱ्हाइकाला स्वच्छ माल दाखवणार. आणि ती गुरुजींच्या घरी जाणार, पुन्हा एकदा बांधून, पुन्हा एकदा कोणी न विचारता. मी लुगडं घडी करून परत ठेवलं.

दानाची मांजर मी कापडाच्या दुकानातून आणलेल्या तपकिरी मांजरपाटाची केली. आत नवा कापूस भरला, दाबून, कडक. कान दोन्ही पूर्ण, टोकदार. शेपूट लांब, ऐटीत वर वळवलेली, तार घालून. डोळे काळ्या मण्यांचे. माझ्या मांजरीचे पिवळे होते. सोन्याचा मणी पोटात घालून शिवण बंद केली. कामात कुचराई केली नाही. चांगली शिवलेली, देखणी, कोणाचीच नसलेली मांजर.

ती पाटावर ठेवली आणि मी दाराआड जाऊन उभी राहिले. आता कोणीतरी म्हणेल, अगं कान? अगं शेपूट? काय सांगायचं ते मी ठरवूनही ठेवलं नव्हतं, खोटं बोलायची मला सवय नाही.

नाना वाकून बघत म्हणाले, "वा. तीच."

सासूबाईंनी तिच्या अंगावरून हात फिरवला. जिवंतपणी कधी फिरवला नव्हता. "बठ्ठी तशीच! आते उठीसन म्याव करी असं वाटस."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, त्या प्रसंगापुरतं. म्हणाले, "हुबेहूब."

अकरा वर्षं ती त्यांच्या पायांत फिरली होती. त्यांच्या दुकानात उंदीर मारले होते. मी हसले नाही, रडलेही नाही. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं त्याला तिरस्कारच म्हणतात, मी चौथीपर्यंत शिकले असले तरी तेवढा शब्द मला येतो. त्याने मला फार बरं वाटलं. तोवर मला त्यांची भीती वाटायची.

गुरुजींनी मंत्र म्हटले, दान घेतलं. सासूबाईंचा हात दुसऱ्या दिवशी बरा झाला. गल्लीचं समाधान झालं. दुकानात उंदीर झाले, मग पिंजरा आणला.

त्यानंतर मी माझी मांजर केली. आईच्या लुगड्याची, अंगठ्याएवढी. आत कापूस नाही, तिचेच केस, गच्चीवरचे आणि गोणीतले. डावा कान करून मग त्याचा तुकडा कापला. शेपूट अर्धी. डोळे हळदीत रंगवलेल्या दोऱ्याचे. मिशी एकच होती, ती एका बाजूला लावली. पहिली जमली नाही, तोंड कोल्ह्यासारखं झालं. दुसरी बरी. तिसरी झोपलेली केली, नाक पंजात घातलेली, ऊन लागल्यावर झोपायची तशी. केस संपेपर्यंत करत राहिले. एका पत्र्याच्या डबीत ठेवते.

पुढे घरात शोकेस आल्या. लोकांनी काचेच्या मागे प्लास्टिकची फळं मांडली. एका नातेवाईक बाईने डबी पाहिली आणि म्हणाली, "इश्श, किती गोड! एक द्या ना, शोकेसमध्ये ठेवते. फक्त याचा कान फाटलाय, तो नीट करून द्या हं." मी डबीचं झाकण लावलं. लाजाळू बाईचा एक फायदा असतो, नाही म्हणावं लागत नाही. गप्प बसलं की झालं.

दुष्काळाच्या वर्षी सासूबाईंना घेऊन मी गुरुजींकडे शिधा द्यायला गेले होते. त्यांची नात ओट्यावर दानाची मांजर शेपटीला धरून फिरवत होती. पोटाची शिवण उसवून मणी केव्हाच काढलेला. नंतर कोणीतरी शिवली होती, तपकिरी कापडावर पांढऱ्या दोऱ्याने, हातभर लांब टाक्यांनी, गोणी शिवावी तशी. गुरुजींनी मला बघून दुसरीकडे तोंड केलं. सोन्याचं मला काही वाटलं नाही. टाके तरी नीट घालायचे.

सासूबाई मात्र थांबल्या. पदराने डोळे पुसले. "देख," मला म्हणाल्या, "आपली मांजर."

मी तिच्या दोन्ही धड कानांकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, आत्याबाई."

त्या आता नाहीत. नानाही नाहीत. दोघंही पाप फिटलं असंच समजून गेले. डबी माझ्याकडे आहे.