उजवी कुणाची?

वॉर्डात उजवं-डावं कुणी म्हणतच नसे. खिडकी आणि दार, एवढ्या दोनच दिशा. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दहाला खिडकीकडे तोंड, बाराला उताणं, दोनला दाराकडे. ही पद्धत वॉर्डातल्या आयाबाईंची, मावशींची. बावीस वर्षं तिच्यावर वॉर्ड चालला होता.

मग भिंतीत ऑक्सिजनची नळी आली आणि एका रांगेतल्या खाटांची डोकी पायथ्याकडे फिरवली. मावशी त्या दुपारी रजेवर होत्या. जाताना आपल्या जागी आलेल्या बदलीवालीला बजावून गेल्या होत्या, "सात नंबरच्या बाईंना दाराकडेच वळव. खिडकीकडचा खुबा ऑपरेशनचा आहे." बदलीवालीने सांगितल्याप्रमाणे दाराकडे वळवलं. खाट फिरली होती. बाई नेमक्या ऑपरेशनच्या खुब्यावर आल्या. टाके उसवले. किंकाळी खालच्या मजल्यापर्यंत गेली.

मेट्रनबाईंनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं. सगळ्यांनी शरीराच्या स्थिती, दिशा, हालचाली शिकायच्या. परीक्षा होईल. जो नापास, तो धुलाईच्या खोलीत चादरी मोजेल.

मावशींना चादरी नको होत्या. त्यांना माणसं हवी होती.

घरी सूनबाई पुस्तिका घेऊन बसली. रोगी म्हणून मावशींच्या नवऱ्याला धरलं.

"बाबा, उताणे झोपा."

"झोपलोच आहे की. लग्न झाल्यापासून हिच्यापुढे दुसरं केलंय काय मी?"

"आई, पायथ्याशी उभ्या राहा. बाबांचा उजवा हात अंगाच्या मध्यरेषेपासून दूर न्या."

मावशींनी हात धरला.

"तो डावा."

"माझ्या उजवीकडे आहे ना!"

"तुमची उजवी कोण विचारतंय, आई? रोग्याची विचारलीय."

"माझी उजवी या घरात विचारलीय तरी कुणी कधी?"

"अगं, हळू ओढ," नवरा ओरडला. "त्याच हाताने मी चहा पितो!"

"चहा पिता, करत तर नाही ना?"

आठवडाभर हेच. कोपर दुमडणं म्हणजे फ्लेक्शन, सरळ करणं म्हणजे एक्स्टेन्शन. हे तर त्या रोज शंभरदा करत होत्या, फक्त नाव न घेता. चिडचिड त्याचीच होती. शेवटी त्यांनी रोग्याच्या उजव्या-डाव्यासाठी स्वतःपुरता नियम केला: माझ्या उलट ते त्याचं. मग एकदाही चुकल्या नाहीत.

"आता पालथे व्हा, बाबा," सूनबाई म्हणाली.

"नाही जमायचं. पोट मध्ये येतं."

"राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "आलंय मला."

परीक्षेला खाटेवर नर्सिंगची एक विद्यार्थिनी झोपली होती. ती उताणी असेपर्यंत मावशी पायथ्याशी उभ्या राहून भराभर करत गेल्या. परीक्षक डॉक्टरीणबाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी मुलीला पालथं केलं.

"उजवा हात मध्यरेषेपासून दूर."

माझ्या उलट ते त्याचं. मावशींनी आपल्या डाव्या बाजूचा हात उचलला. खांद्याला आधार देऊन, अलगद, बावीस वर्षांच्या सवयीने.

"हा डावा आहे, मावशी."

मावशींनी मुलीच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. आणि मग कळलं. पालथ्या माणसाचं तोंडच फिरलेलं. त्याची उजवी तीच आपली उजवी.

"परत करू का?"

"एकदाच संधी आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बसा." डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता, म्हणून जास्तच लागला. "उचललात मात्र फार छान हो."

छान उचलला! चुकीचा हात छान उचलायचे गुण असते तर त्या पहिल्या आल्या असत्या.

बदलीवाली पास झाली. दोन मुलांची आई, घरकाम उरकून पाठ करून आली होती.

सामान न्यायला मावशी वॉर्डात गेल्या तेव्हा दाराजवळचे म्हातारे कण्हत होते. "मावशी, कूस बदलून द्या हो." त्या सवयीने पुढे झाल्या आणि थबकल्या. आता परवानगी नव्हती.

"ए, इकडे ये," त्यांनी बदलीवालीला हाक मारली. "आजोबांना बघ."

तिने तक्ता वाचला, "डावी कूस" म्हणाली, गुडघा दुमडला, खांदा आणि कंबर एकदमच वळवली, पाठीशी उशी लावली. आजोबा निवांत झाले.

"मावशी, बरोबर ना?"

मावशींनी चूक शोधली. उशी पाहिली, टाच पाहिली, खालचा हात अंगाखाली सापडलाय का तेही वाकून पाहिलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून तरातरा चालू लागल्या.