कपडे राखणारी चांगुणा

खडकदऱ्यातल्या कुणालाही विचारा, चांगुणाबाईंशी वाद घालायला कोणी धजत नाही. पारनेर तालुक्यातल्या या गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. बदल्यांच्या फेऱ्यांत तालुका पालथा घालून शेवटी माहेरच्याच गावी आल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सरपंचाचे पाढे त्यांनीच पाठ करून घेतलेले. त्यामुळे ग्रामसभेत बाई उठून उभ्या राहिल्या की सरपंच आपोआप सरळ बसतो. बाईंच्या जिभेला धार आहे, पण मन साफ आहे, आणि गावाला दोन्हींची सवय झालेली आहे.

त्यांच्या लहानपणी गावात एक रीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मळ्यातल्या विहिरीवर पोरांना पोहायला शिकवायचं. पाठीला रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि द्यायचं ढकलून. चार दिवस नाकातोंडात पाणी गेलं की पाचव्या दिवशी पोरगं माशासारखं सुळकांड्या मारायचं. ही रीत फक्त पोरग्यांसाठी. चांगुणाचा धाकटा भाऊ सहादेव असाच शिकला. चांगुणा काठावरच्या काळ्या दगडावर त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसायची. हळूहळू सगळ्याच पोरांचे कपडे तिच्याकडे आले. कोणता सदरा कोणाचा, हे ती न बघता सांगायची. एकदा आईला म्हणाली, मलाही शिकायचंय. आई म्हणाली, "तुला काय करायचंय पवून? मग कपडे कोन राखील?"

हे कदाचित त्या विसरूनही गेल्या असत्या. पण गावात शेततळी झाली. डाळिंबाला पाणी मिळालं, गावाचं रूप पालटलं, ते सगळं खरंच. पण शेततळ्यात अंथरलेला तो प्लास्टिकचा काळा कागद ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही. एका दुपारी बाईंच्या वर्गातली एक पोर बाटली भरायला वाकली आणि घसरून आत गेली. शेजारच्या रानातल्या गड्यानं दोर टाकून ओढून काढली म्हणून वाचली. तिच्या जागी तिचा भाऊ असता तर पोहत कडेला तरी आला असता. हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना.

मळ्यातली ती विहीर आता सहादेवकडे होतीच. बाईंनी शाळेत जाहीर केलं, सुट्टीत ज्यांना पोहायला शिकायचंय त्यांनी या. झाडून सगळे पोरगे आले. पोरींपैकी एकटी संस्कृती पाण्यात उतरली, आणि तीही सहादेवचीच लेक, कॉलेजात जाणारी, बापाच्या हाताखाली आधीच शिकलेली. बाकी चार-दोन पोरी आल्या त्या भावांचे कपडे घेऊन काळ्या दगडावर बसल्या.

अशातच नगरहून बोलावणं आलं. नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम ठरतोय, त्यात काय सक्तीचं असावं यावर जिल्ह्यातल्या शिक्षकांनी आपलं मत मांडायचं. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर आणि कंडक्टरच्या तोंडात अजून नगरच, अशा त्या गाडीनं बाई सभागृहात पोचल्या. तिथे ज्याला त्याला आपलाच विषय सक्तीचा हवा होता. कोणी संगणक म्हणत होतं, कोणी योग, कोणी आणखी एक भाषा. सगळं सक्तीचं केलं असतं तर पोरांना जेवायलासुद्धा सुट्टी उरली नसती.

बाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, "पोहणं सक्तीचं करा. गावागावात शेततळी आहेत. पाणी आलं, पण पाण्यातून बाहेर कसं यायचं ते आपण शिकवलं नाही."

अध्यक्षस्थानी असलेले साहेब भले गृहस्थ होते. म्हणाले, "कल्पना छान आहे, बाई. ऐच्छिक विषयांत घालू या."

"साहेब, ऐच्छिक म्हटलं की पोरगे विहिरीत आणि पोरी काठावर. मी करून बघितलंय. सक्ती पोरींवर नकोय मला, त्यांच्या घरच्यांवर हवीय."

मागून कोणीतरी मिश्कीलपणे विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का?"

हशा पिकला. बाईंनी पदर खोचला. "नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळी ते ऐच्छिक होतं."

हशा जागच्या जागी विरला, आणि मग टाळ्या पडल्या. जिल्ह्याच्या शिफारशींत पोहणं सक्तीच्या रकान्यात गेलं. पुढे दिल्लीत त्याचं काय व्हायचं ते होवो. बाई मात्र परतीच्या गाडीत अशा बसल्या होत्या, जणू गुलाल लागलेला उमेदवार.

दिल्लीची वाट बघणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. आल्या आल्या पालकसभा बोलावली आणि सांगून टाकलं, आपल्या शाळेत या सुट्टीपासून पोहणं सक्तीचं. पोरींची वेळ वेगळी, काठावर फक्त घरची माणसं, पाण्यात शिकवायला संस्कृती. सहादेवचा गुडघा धरलेला, त्यामुळे तो वरून दोर सांभाळणार. सगळं ठरवून आलेल्या बाईंनी नगरची हकिगतही रंगवून सांगितली, टाळ्यांसकट.

बाकीचे राजी झाले, रंगुबाई तेवढी बधली नाही. तिची धाकटी लेक चौथीत होती. "टाळ्या मिळाल्या, ब्येस झालं," ती म्हणाली. "पन लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं न्हाई चालायचं. बाई, आदी तुमी उतरा. मग माझी पोर."

बाई खाली बघून एवढंच म्हणाल्या, "उतरते."

सुट्टी लागल्यावर पहिल्याच सकाळी विहिरीवर बायकांची ही गर्दी. बाई पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, तोही संस्कृतीचा, दंडात काचणारा. निवृत्तीला आलेल्या बाईच्या पाठीला पोरांचा डबा बांधताना संस्कृतीला हसू आवरेना. आख्ख्या गावासमोर फजिती झाली तर एकही पोर पाण्यात उतरणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. चष्मा काढला, घड्याळ काढलं, चपला काढल्या आणि त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

सहादेव दोर धरून काळ्या दगडावर टेकला होता. त्यानं हात पुढे केला. "आन इकडं, आक्का. आज मी राखतो."

बाईंचे डोळे भरून आले. सगळं त्याच्या मांडीवर ठेवून त्या पायऱ्या उतरल्या आणि डोळे मिटून त्यांनी अंग टाकून दिलं. एकदम खाली गेल्या, वर आल्या, ठसका लागला, पाणी प्यायल्या. "आत्या, पाय मार," संस्कृती ओरडत होती. बाईंनी पाय मारले, वेडेवाकडे हात मारले, आणि धापा टाकत का होईना, समोरच्या पायरीला जाऊन हात लावला. तिथून वर बघितलं तेव्हा त्या अशा हसत होत्या की चौथीतल्या पोरींनाही त्यांच्यात आपल्या बरोबरीची पोर दिसली असेल.

रंगुबाईनं लेकीला पुढे घेतलं, तिच्या चपला काढल्या आणि बाईंच्या चपलांशेजारी सहादेवच्या मांडीवर ठेवल्या.

"ह्या बी राखा, सहादेवराव," ती म्हणाली.