जाळीखालच्या गोगलगायी

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. मागच्या अंगणात ओढ्याचं पाणी सोडलेल्या दोन पन्हळी होत्या, त्यांची राखण तिच्याकडे. एक पन्हळ उन्हात, दुसरीवर काळी जाळी. दोन्हींत सारखेच दगड, सारख्याच गोगलगायी. उन्हातल्या दगडांवर शेवाळ उगवेल तसं गोगलगायी चरून टाकत आणि चांगल्या पोसत. जाळीखाली ऊन नाही म्हणून शेवाळ नाही. तिथल्या गोगलगायी कोऱ्या दगडांवर तोंड घासत फिरत. दर सोमवारी प्रयोग करणाऱ्या मॅडम वजन करत, तेव्हा त्या हलक्या भरत.

"मॅडम, या उपाशी मरतील हो."

"मरू देत. किती तग धरतात तेच तर बघायचंय."

आपली लेक एक घास कमी जेवली तरी मावशीच्या घशाखाली अन्न उतरत नसे. संध्याकाळी निघताना ती उन्हातला एक हिरवा दगड जाळीखाली सरकवू लागली, आणि तिथला कोरा उन्हात. लेकीला हे ठाऊक होतं. ती रोज दारातच विचारी, "काय गं आई, भरवलंस का तुझ्या पोरींना?"

पोरींनी बाळसं धरलं. वजनं पाहून मॅडम हरखल्या. "अंधारातही वाढतायत!" म्हणत मोठ्या सरांना घेऊन आल्या. सरांनी जाळी उचलली, एका दगडावरून बोट फिरवलं आणि ते हिरवं बोट मॅडमच्या नाकासमोर धरलं.

"इथं सूर्य कधी उगवतो म्हणे?"

मॅडमचा चेहरा उतरला. मावशी पुढे झाली. "मीच बदलत होते दगड. बघवेना."

सर हसत हसत निघून गेले. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दया आली का? छान. दोन्ही पन्हळी बाद. आता सगळं पहिल्यापासून, नव्या गोगलगायी आणून. या सगळ्या संपवायच्या, उन्हातल्यासुद्धा. पाणी उकळा. आणि तुम्हीच टाका, तुमच्याच हातचं खाल्लंय त्यांनी."

"उन्हातल्यांनी काय केलंय हो? ओढ्यात सोडून येते ना मी सगळ्यांना."

"उद्यापासून घरी बसायचंय?"

मावशीने पातेलं चढवलं. जाळीखालच्या आधी टाकल्या. हाताला चांगल्या जड लागत होत्या.

घरी लेक दारातच उभी. "काय गं, भरवलंस का?"

"हो," मावशी चपला काढत म्हणाली. "पोटभर. चल, ताटं घे."