पट्ट्यांचा पडदा

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून खिडकीचा पडदा पुसला. म्हणजे पुसला मी, ती खाटेवरून चुका काढत होती. अख्ख्या खालापूर तालुक्यात खिडकीपायी नवऱ्याला इतकं छळणारी बाई आमच्या मंडळीशिवाय दुसरी झाली नसेल, हे मी कुणापुढेही सांगेन.

कुंभिवलीला पट्ट्यांचे पडदे जोडायच्या एका शेडमध्ये ती कामाला होती. तिथून हे वेड घरात आलं. आमची खिडकी गावच्या रस्त्यावर. तिचं म्हणणं एकच, "मी लोकांना बघेन, लोकांनी मला बघायचं नाय." आधी तिनं बांबूच्या कामट्यांचा पडदा केला. तो एकतर गुंडाळायचा नाहीतर सोडायचा, मधलं काही नाही. मग खोक्यांच्या फळ्या तासून केला. तो इतका जड, की खिळ्यासकट भिंतीचं प्लास्टर माझ्या ताटात आलं. "भाजी तशी कमीच व्हती," एवढं बोलून ती पुढच्या पडद्याच्या विचाराला लागली. तिसरा केला शेडमधल्या टाकाऊ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा, हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या, मिळेल त्या रंगाच्या. शेजारीण म्हणाली, "काय गं, खिडकीला मांडव घातलास व्हय?" ही म्हणाली, "घातलाय. तू आहेर आन."

त्या पडद्याला शिडीसारखी दोरी असते, एकेका पायरीवर एकेक पट्टी निजलेली. दांडी फिरवली की सगळ्या एकदम कूस बदलतात. पडदा उचलायची दोरी वेगळी, पट्ट्यांच्या भोकांतून गेलेली. ती जरा आत घेऊन ओढली तर सुटते, बाहेर ओढून सोडली तर अडकते. मला ते कधी जमलं नाही. माझ्या हातून पडदा एका अंगाला वर, दुसऱ्या अंगाला खाली. "अवो, पिऊन उभा हाय वाटतं त्यो," असं ती म्हणायची, आणि उठून एका झटक्यात सरळ करायची.

मग आजार आला. औषधांनी केस झडले. बाया भेटायला आल्या की ती तोंडावर पदर ओढून घ्यायची. उठवत नव्हतं, म्हणून दांडी माझ्या हातात आली. "जरा वर. लय झालं. आता खाली." तिला रस्ता दिसला पाहिजे, रस्त्यावरून ती दिसता कामा नये. एकदा मी वैतागून म्हटलं, "कोण बघतंय गं तुला?"

"कुनी नाय. पन बघितलं तर?"

त्यानंतर मी दिवसभर ती म्हणेल तशी दांडी फिरवत राहिलो.

त्या संध्याकाळीही पुसून झाल्यावर पट्ट्या लावल्या. भाजीचा टेंपो गेला. मागून सरपंचाची म्हातारी गेली. "नवी चप्पल हाय तिची, चावतीय," ही म्हणाली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आज जमलं तुमाला."

सकाळी चहा घेऊन गेलो, तर ती गेलेली होती.

कुणाला हाक मारायच्या आधी मी दांडी फिरवून पट्ट्या पार मिटल्या. उरल्या केसांना तेल लावलं, फणी फिरवली. भांग कुठल्या बाजूला पाडायचा, ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं समोर होती. शेवटी मधोमध पाडला, पदर नीट केला आणि मग दार उघडलं.